बी ते बी: वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाची कारकीर्द कशी घडते

पेरलेलं बी उगवून, वाढून, फुलून पुन्हा हातात बी यायला किती दिवस लागतात? वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर आधी हा प्रश्न विचारायला हवा. अरॅबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं वीतभर उंचीचं एक तण आहे, त्याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. भाताला जातीनुसार साडेतीन ते पाच महिने. थंड प्रदेशात मक्याचं वर्षाला एकच पीक निघतं. आणि बियांपासून वाढवलेलं सफरचंदाचं झाड पहिल्यांदा फुलायलाच कित्येक वर्षं घेतं.

आता विद्यापीठाचं वेळापत्रक बघा. पीएचडी चार ते सहा वर्षांत व्हावी अशी अपेक्षा. संशोधनासाठी मिळणारं अनुदान, म्हणजे ग्रँट, बहुधा तीन ते पाच वर्षांचं. नवा प्राध्यापक कायम करायचा की नाही याचा निर्णय अनेक देशांत पाच ते सात वर्षांच्या आत होतो. या दोन वेळापत्रकांची सांगड घालत राहण्यात या माणसांचं आयुष्य जातं. शिकवणं, शोधनिबंध, पदोन्नती हे सगळं बाहेरून दिसतं. पण कुठल्या वर्षी काय हाती लागेल, हे बरंचसं झाडच ठरवतं.

पीएचडीपासून सुरुवात करू. समजा, विद्यार्थिनीसमोर प्रश्न असा आहे: पाणी कमी पडलं की पानावरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटतात; ती मिटवण्यात अमुक एका जनुकाचा हात आहे का? उत्तर काढायची रीत ऐकायला सोपी आहे. ते जनुक बिघडलेलं झाड घ्यायचं आणि त्याची रंध्रं मिटतात का ते बघायचं. मिटली नाहीत तर संशय पक्का होतो, पण सिद्ध काहीच होत नाही. कारण त्या झाडात आणखीही एखादं जनुक बिघडलेलं असू शकतं. म्हणून चांगलं जनुक त्या झाडात परत घालायचं आणि रंध्रं पुन्हा मिटू लागतात का ते तपासायचं. घरातला दिवा गेला, फ्यूज बदलला आणि दिवा लागला, तरच बिघाड फ्यूजमध्ये होता म्हणायचं, तसं हे आहे.

जनुक परत घालायचं काम अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू करतो. स्वतःच्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घुसवण्याची कला त्याला निसर्गतःच अवगत आहे. त्या तुकड्याच्या जागी आपल्याला हवं ते जनुक ठेवायचं आणि अरॅबिडॉप्सिसचा फुलोरा या जिवाणूच्या द्रावणात बुडवायचा. १९९८ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापरात आहे. पण बुडवलेल्या झाडाचं बी आलं की त्यातल्या शंभरात एखाद-दुसऱ्या बियांतच नवं जनुक गेलेलं असतं. ते ओळखता यावं म्हणून नव्या जनुकाला प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुकही जोडलेलं असतं, आणि हजारो बिया प्रतिजैविक घातलेल्या माध्यमावर पेरतात. ज्यांत जनुक गेलंय ती रोपं हिरवी राहतात, बाकीची पिवळी पडून मरतात.

ही झाली पहिली पिढी. या रोपांत नव्या जनुकाची सहसा एकच प्रत असते, त्यामुळे पुढच्या पिढीत मेंडेलच्या नियमानं तीन जगतात, एक मरतं. ज्या झाडाची सगळीच्या सगळी संतती जगते, ते झाड शोधायला तिसऱ्या पिढीचं बी लागतं. म्हणजे तीन पिढ्या, प्रत्येकी दोन महिने. सगळं सुरळीत झालं तरी खऱ्या प्रयोगाला हात घालायच्या आधी अर्धं वर्ष संपलेलं असतं. आणि सुरळीत फार क्वचित होतं. वाढकक्षाचं, म्हणजे ग्रोथ चेंबरचं, तापमान एका रात्री बिघडतं. मातीत चिलटं होतात, पानांवर थ्रिप्स येतात. पाणी घालायला रविवार आणि सणवार नसतात. दुष्काळाचा प्रयोग असेल तर पाणी न घालण्याचंही काटेकोर वेळापत्रक असतं, आणि कुणीतरी प्रेमानं कुंडीत पाणी ओतलं की दोन महिने वाया.

हे एवढ्या तपशिलात सांगितलं, कारण पीएचडीचा खरा अभ्यास इथंच होतो असं मला वाटतं. प्रबंध शेवटी लिहिला जातो. त्याआधी हे माणूस शिकतं ते झाड बघायला. पान थोडं फिकट आहे, देठ जरा आखूड आहे, शेजारच्या ट्रेपेक्षा ही रोपं दोन दिवस मागं आहेत, हे मोजमापाच्या आधी डोळ्यांना दिसू लागतं. ही नजर कुठल्याही यंत्रानं विकत मिळत नाही.

अरॅबिडॉप्सिसच का, हेही यातून कळतं. ते खायच्या कामाचं नाही, दिसायला सुंदर नाही. पण ते लवकर बी देतं, एका झाडाला हजारो बिया येतात, ते स्वतःच्याच परागानं फळतं, आणि त्याचा जनुकसंच लहान आहे. २००० साली वनस्पतींमध्ये सर्वांत आधी त्याचाच संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात डीएनएची तेरा कोटींच्या आसपास अक्षरं आहेत. आपल्या पोळीच्या गव्हात सुमारे १,६०० कोटी. चार वर्षांची शिष्यवृत्ती हातात असलेल्या विद्यार्थ्यानं यातलं काय निवडावं, हे वेगळं सांगायला नको. कारकिर्दीच्या घाईचा शास्त्रावर असा थेट परिणाम होतो: ज्या वनस्पती लवकर उत्तर देतात त्यांच्याबद्दल आपल्याला खूप माहिती आहे, आणि जी झाडं शंभर वर्षं जगतात त्यांच्याबद्दल त्या मानानं फार कमी.

पीएचडीनंतर येतो पोस्टडॉक. डॉक्टरेट मिळालेली असते पण स्वतःची प्रयोगशाळा नसते, असा हा मधला टप्पा. दुसऱ्या विद्यापीठात, बऱ्याचदा दुसऱ्या देशात, दोन-तीन वर्षांच्या करारावर काम करायचं. ते संपलं की आणखी एक करार. शोधनिबंधावरच्या नावांचा क्रम इथं जीवनमरणाचा होतो. जीवशास्त्रात पहिलं नाव ज्यानं मुख्य प्रयोग केले त्याचं, शेवटचं नाव ज्याची प्रयोगशाळा त्याचं, आणि मधली नावं मदत करणाऱ्यांची, असा सर्वमान्य संकेत आहे. पोस्टडॉकला पहिलं नाव हवं असतं. पहिल्या नावाकडून शेवटच्या नावापर्यंत जाणं म्हणजेच प्राध्यापक होणं, असंही म्हणता येईल.

या टप्प्यावर एक नाजूक बोलणं होतं: जाताना काय बरोबर न्यायचं? तीन वर्षं ज्या जनुकावर काम केलं ते गाईडच्या प्रयोगशाळेचं की आपलं? समजूतदार गाईड आधीच सांगतो की हा धागा तू ने, तो मी ठेवतो. हे बोलणं वेळेवर झालं नाही तर पुढं गुरू-शिष्य एकाच प्रश्नावर एकमेकांचे स्पर्धक होतात. दोघांपैकी ज्याच्याकडे विद्यार्थी, जागा आणि पैसे जास्त, तो जिंकतो, आणि तो शिष्य नसतो.

प्रश्न नेहमी आपण निवडतो असंही नाही. कॅथरीन एसॉ यांचं उदाहरण मला फार आवडतं. १८९८ साली आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेल्या एसॉ १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात आल्या आणि साखर बीटची जात तयार करायच्या कामाला लागल्या. बीटला तेव्हा पानं आखडवणारा एक विषाणू ग्रासत होता, त्याला दाद न देणारं बीट हवं होतं. पीएचडीसाठी विद्यापीठात गेल्यावर अडचण आली. प्रयोगासाठी रोगट झाडं शेतात लावायची, तर आजूबाजूच्या निरोगी बीटना लागण व्हायची. तेव्हा त्यांनी नवी जात काढायचा विचार सोडला आणि विषाणू झाडाच्या आत नेमकं काय करतो हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला घेतलं. त्यातून पानात तयार झालेलं अन्न वाहून नेणाऱ्या ऊतीचा, परिकाष्ठाचा, त्यांचा जन्मभराचा अभ्यास सुरू झाला. पूर्ण प्राध्यापकपद त्यांना १९४९ मध्ये मिळालं, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर. १९६५ ला त्या निवृत्त झाल्या आणि त्यानंतर वीसहून अधिक वर्षं काम करत राहिल्या. १९८९ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या.

नोकरीसाठी मुलाखत असते ती एक-दोन दिवसांची. आपल्या कामावर व्याख्यान द्यायचं, विभागातल्या एकेका प्राध्यापकाला भेटायचं, आणि अनेक ठिकाणी चॉक टॉक नावाची परीक्षाही असते. स्लाइड्स नाहीत, फक्त फळा आणि खडू. पुढच्या पाच वर्षांत काय करणार ते लिहून दाखवायचं आणि मधेच येणारे प्रश्न झेलायचे. झालेल्या कामाचं कौतुक तिथं कुणी करत नाही. पहिला प्रयोग फसला तर काय कराल, हे विचारतात.

निवड झाली की रिकामी प्रयोगशाळा मिळते आणि बहुतेक ठिकाणी सुरुवातीचा काही निधी. वाढकक्ष, हरितगृहातली जागा, सूक्ष्मदर्शक, एका तंत्रज्ञाचा पगार असं सगळं त्यातून उभं करायचं. जुन्या प्रयोगशाळेतून आणलेली बियांची पाकिटं असतात, पण प्रत्येकात जेमतेम चिमूटभर बी. पहिलं वर्ष बरंचसं तेच बी वाढवण्यात जातं. शिवाय त्याच वर्षी नवा विषय शिकवायचा असतो, विद्यार्थी निवडायचे असतात, आणि ग्रँटचे अर्ज लिहायचे असतात. काल-परवापर्यंत स्वतःच्या हातानं प्रयोग करणाऱ्या माणसाला एकाएकी पैसे सांभाळणं, माणसं सांभाळणं आणि दुसऱ्याचा निराश चेहरा ओळखणं ही कामं करावी लागतात, आणि यातलं काहीही त्याला कुणी शिकवलेलं नसतं. या व्यवस्थेतला हा मोठा दोष आहे असं माझं ठाम मत आहे. अनेक विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षं त्यात करपतात.

टेन्युअर हा शब्द इथं समजून घ्यायला हवा. अमेरिकेत आणि त्या धर्तीवरच्या व्यवस्थांत सहाय्यक प्राध्यापक साधारण सहाव्या वर्षी आपल्या कामाचं बाड विभागापुढं ठेवतो. बाहेरच्या विद्यापीठांतल्या तज्ज्ञांकडून मतं मागवली जातात. मग मतदान होतं. होकार मिळाला तर नोकरी जवळजवळ आयुष्यभराची. नकार आला तर बहुधा वर्षभरात दुसरीकडे बघावं लागतं. कल्पना चांगली आहे: कायमच्या सुरक्षिततेमुळे प्राध्यापकानं वादग्रस्त किंवा लांबचा पल्ला गाठणारे प्रश्न निर्भयपणे हाती घ्यावेत. पण ती निर्भयता मिळायच्या आधीची सहा वर्षं अशी असतात की माणसाला लवकर संपणारे प्रश्न निवडायची सवय लागून जाते. झाडांवर काम करणाऱ्यांना तर ती हमखास लागते.

ग्रँटचंही तसंच. अर्ज म्हणजे दहा-पंधरा पानांचा युक्तिवाद: प्रश्न काय, तो महत्त्वाचा का, आम्हीच तो का सोडवू शकतो, आणि किती पैसे लागतील. बहुसंख्य अर्ज नाकारले जातात. परीक्षकांना प्राथमिक निष्कर्ष हवे असतात, म्हणजे जे काम करायला पैसे मागताय त्याचा बराच भाग आधीच केलेला असावा लागतो. तो करायला पैसे कुठून येतात? आधीच्या ग्रँटमधून. म्हणून साखळी तुटली की पुन्हा जोडणं अवघड होतं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतावर गव्हाच्या खतांचा प्रयोग चालू आहे. शेणखत घातलेल्या, रासायनिक खत घातलेल्या आणि काहीच न घातलेल्या पट्ट्यांची तुलना इतक्या वर्षांच्या नोंदींवर तिथं करता येते. तीन वर्षांच्या अनुदानावर असा प्रयोग उभा राहणं शक्य नाही.

बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्या कारकिर्दीत हे सगळं एकवटलेलं दिसतं. १९२७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन यांच्याबरोबर त्यांनी मक्यात दाखवून दिलं की गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची खरोखर अदलाबदल करतात. एवढं काम असूनही कायमची नोकरी नाही. १९३६ मध्ये मिसुरी विद्यापीठात सहाय्यक प्राध्यापकपद मिळालं, पण तिथं आपल्याला भवितव्य नाही असं वाटून १९४१ मध्ये त्या बाहेर पडल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथल्या संशोधन संस्थेत गेल्या. तिथं शिकवायचं बंधन नव्हतं. वसंतात मका पेरायचा, उन्हाळ्यात कणसांना आणि तुऱ्यांना कागदी पिशव्या बांधून हातानं परागण करायचं, शरदात कणसं काढायची आणि हिवाळाभर सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघायची. वर्षाला एक पिढी, म्हणजे प्रश्नाला वर्षातून एकदाच उत्तर.

मक्याच्या दाण्यांवरच्या रंगीत ठिपक्यांचा हिशेब लावत १९४०च्या दशकात त्या अशा निष्कर्षाला पोचल्या की जनुकसंचातले काही घटक आपली जागा बदलतात आणि शेजारच्या जनुकाचं काम बंद-चालू करतात. १९५१ मध्ये त्यांनी हे एका परिसंवादात मांडलं तेव्हा फारसं कुणाच्या पचनी पडलं नाही. पुढं जिवाणूंत आणि इतर सजीवांत असेच घटक सापडले, आणि १९८३ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. या गोष्टीचा शेवट गोड आहे म्हणून ती सगळीकडे सांगतात. मला त्यातली मधली तीस वर्षं महत्त्वाची वाटतात. त्या काळात त्यांचा पगार दर तीन वर्षांनी अर्ज करून मिळवावा लागला असता, तर ठिपक्यांचा हिशेब पुरा झाला असता का?

शोधनिबंधाचा प्रवास थोडक्यात असा: लिखाण नियतकालिकाकडे जातं, संपादक ते दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतो, ते नाव न सांगता शेरे लिहितात. वनस्पतींच्या बाबतीत एक शेरा ठरलेला: "हाच परिणाम जनुकाच्या दुसऱ्या बिघाडातही दाखवा." मागणी रास्त असते. पण ती एका ओळीची मागणी म्हणजे नव्यानं दोन-तीन पिढ्या, म्हणजे विद्यार्थ्याचं आणखी अर्धं वर्ष. निबंध छापून आल्यावर इतरांनी त्याचा किती वेळा उल्लेख केला ते मोजतात. २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवलेला एच-निर्देशांक त्यावरच बेतलेला आहे: ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झालाय, त्याचा निर्देशांक वीस. आकडा काढायला सोपा, म्हणूनच समित्यांना प्रिय. पण अरॅबिडॉप्सिसवर काम करणारे हजारो आहेत, एखाद्या दुर्मीळ नेच्यावर काम करणारे जगात मोजके. दोघांचे आकडे शेजारी ठेवणं अन्यायाचंच आहे.

शिकवणं, समित्या, परीक्षा, विभागप्रमुखपद यांत आठवड्यातला निम्मा वेळ सहज जातो. अनेक विद्यापीठांत स्वतंत्र वनस्पतिशास्त्र विभाग जीवशास्त्रात विलीन झाल्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलांना झाडांविषयी गोडी लावायला हातात जेमतेम काही तास उरतात. तेवढ्यात जो प्राध्यापक मुलांना पान उलटं करून भिंगाखाली बघायला लावतो, त्याच्याकडेच पुढं विद्यार्थी येतात.

झाडाच्या संथपणावर माणसानं उपायही शोधले, आणि त्यातला एक मोठा उपाय दिल्ली विद्यापीठातला आहे. सरळ वाण तयार करायचा, म्हणजे पुढच्या प्रत्येक पिढीत गुण तसेच उतरतील असं झाड हवं असेल, तर संकरानंतर सहा-सात पिढ्या स्वपरागण करत राहावं लागतं. १९६४ मध्ये शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याचे परागकोश पोषक माध्यमावर वाढवले आणि त्यांतून भ्रूण तयार झाले. परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे त्यापासून उगवलेलं रोपही एकच संच घेऊन येतं. तो रसायनानं दुप्पट केला की दोन्ही संच तंतोतंत सारखे. सहा-सात पिढ्यांचं काम एका पिढीत! जव, तंबाखू, मोहरीवर्गातली पिकं अशा कितीतरी ठिकाणी हा मार्ग पुढं वापरला गेला. अलीकडे, २०१८ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रोज बावीस तास उजेड देऊन गव्हाच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत मजल मारता येते हे दाखवलं. पीएचडीच्या विद्यार्थ्यासाठी याचा अर्थ काय, हे आता वाचकाच्या लक्षात आलं असेल.

याच्या अगदी उलट वाट विल्यम बील यांची. १८७९ मध्ये मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असताना त्यांनी वीस बाटल्या ओल्या वाळूनं भरल्या, प्रत्येकीत एकवीस प्रकारच्या झाडांच्या पन्नास-पन्नास बिया घातल्या आणि जमिनीत पुरल्या. बी जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं, हा प्रश्न. दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची असं ठरलं होतं. बी चिवट निघालं, म्हणून पुढच्या प्राध्यापकांनी अंतर दहा वर्षं केलं, मग वीस. बील गेले, त्यांच्यानंतरचे गेले. बाटल्यांच्या जागेचा नकाशा एका पिढीनं दुसरीला दिला. २०२१ मध्ये अंधारात, बियांना उजेड लागू नये म्हणून रात्रीच, एक बाटली उकरली गेली, आणि १४० वर्षांहून जुन्या काही बिया उगवल्या. पुढची बाटली २०४० मध्ये, शेवटची २१०० मध्ये.

सगळ्यांना असा वारसा नेमता येत नाही. प्राध्यापक निवृत्त होतो तेव्हा प्रयोगशाळेतल्या थंड कपाटात तीस-पस्तीस वर्षांची बियांची पाकिटं असतात. त्यांवर लिहिलेले आकडे आणि अक्षरं फक्त त्या प्रयोगशाळेतल्या माणसांना कळतात. अरॅबिडॉप्सिससाठी अमेरिकेत ओहायोला आणि इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला बियांची केंद्रं आहेत. तिथं बी पाठवलं की जगातला कुठलाही विद्यार्थी ते मागवू शकतो. पण पाठवायच्या आधी प्रत्येक पाकिटाची ओळख लिहावी लागते, जुनं बी पेरून ताजं करावं लागतं, आणि त्यासाठी ग्रँट मिळत नाही. म्हणून शेवटच्या वर्षी अनेक प्राध्यापक पुन्हा स्वतःच्या हातानं ट्रे भरतात, बी पेरतात, आणि कागदी पाकिटांवर या वेळी सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात नावं लिहितात.